पाण्याला वाट

माझ्या गावाकडे क्रीक म्हणजे खाडी. रोह्याच्या खाली कुंडलिका रुंद होत जाते आणि साळाव-रेवदंड्याच्या मधून समुद्राला मिळते. भरतीला फुगते, ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि त्यात निवट्या उड्या मारताना दिसतात. इंग्रजी नकाशात तिचं नाव 'रेवदंडा क्रीक' असंच छापलेलं असतं. त्यामुळे ऋषिकेशला कयाकवाल्यांच्या बोलण्यात 'क्रीक' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला, तेव्हा मला आठवला तो खारट वास आणि कांदळवन. त्यांना म्हणायचं होतं ते अगदी दुसऱ्या टोकाचं. त्यांची क्रीक म्हणजे डोंगराच्या पोटातून निघालेला अरुंद, उभा ओढा, किलोमीटरमागे वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त उतरणारा. तिथे पाणी वाहत नाही, पायऱ्या उतरतं. धोंड्यावरून डोहात, डोहातून पुढच्या धोंड्यावर. आपल्याकडे याला नुसतं ओढा म्हणतील आणि पावसाळ्यात पोरांना दम भरतील, त्या ओढ्याकडे जाऊ नका म्हणून. अशाच एका ओढ्याच्या, बिरही गंगेच्या काठावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आजीचा तो दम आठवला. त्यातले शब्द नव्हे, तिचा आवाज.

मी वल्हं धरायला शिकले ती कुंडलिकेवर, कोलाडच्या वर, साजे गावाजवळ. तिथलं पाणी वेळापत्रकाने येतं. मुळशीच्या तलावातलं पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. जन्माने ते मुळेचं पाणी. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. धरणाने त्याचं तोंड फिरवलं आणि ते अरबी समुद्राचं झालं. त्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ ते १९२४ मुळशी पेट्याने सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. माझी एक मावशी नदीच्या त्या बाजूला दिलेली. सकाळी पाणी सुटायच्या आत ती धुणं उरकायची, कारण पाणी आलं की तिचा धुण्याचा दगड बुडायचा. तो दगड आधी ओला व्हायचा, मग त्याच्या भोवती एक पांढरी किनार उठायची, मग तो नाहीसा व्हायचा. पाण्याकडे बघायला मला कोणी शिकवलं असेल तर त्या दगडाने.

भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ऑस्ट्रियात हान्स पावलाटा नावाच्या माणसाने उलटलेली कयाक पाण्याखालूनच, वल्ह्याच्या आधाराने, सरळ करून दाखवली. ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. सीलच्या कातड्याच्या त्यांच्या होड्या, आणि पाणी इतकं थंड की होडीबाहेर पडणं म्हणजे मरण. त्यांच्याबद्दलची वर्णनं वाचून पावलाटाने ते स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण होडी सरळ करायची ती युक्ती, म्हणजे रोल, मी भिऱ्याहून आलेल्या पाण्यात शिकले, त्यामुळे माझ्या मनात त्या कायमच्या शेजारी बसल्या आहेत. होडी उलटली की आधी पुढे वाकायचं, चेहरा जवळजवळ होडीला टेकवायचा. मग वल्ह्याचं पातं पाण्याच्या वरच्या थराला आणायचं, कंबरेने होडी फिरवायची, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. घाबरलेलं माणूस डोकं आधी वर काढतं. त्या डोक्याच्या वजनानेच ते परत खाली जातं. हे कळायला मला एक पूर्ण हिवाळा लागला.

बिरही गंगा उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात आहे. त्रिशूळ आणि नंदा घुंटीच्या उतारांवरून निघते आणि चमोली ते पिपलकोटीच्या दरम्यान अलकनंदेला मिळते. बद्रीनाथला जाणाऱ्या गाड्या तिच्यावरचा पूल एका दमात ओलांडतात, खिडकीतून कोणी मान वळवलीच तर हिरव्या पाण्याची एक फट दिसते. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या शेवटी. पावसाळ्याचा लोंढा ओसरलेला असतो आणि थंडीने वरचे झरे आटायच्या आधीचे हे थोडे आठवडेच अशा ओढ्यांत होडी घालता येते. चौघं होतो. मी, बंगळुरूची माझी मैत्रीण, देहरादूनचा एक तरुण, आणि नेपाळचे एक दाई. त्यांनी भोटे कोसी आणि मर्स्यांगदीवर उमेदीची वर्षं घालवली आणि नंतरची गंगेवर. मी त्यांना दाई म्हणते, म्हणजे मोठा भाऊ, ते मला बहिनी, धाकटी बहीण. गाडीरस्ता सोडला आणि होड्या खांद्यावर घेतल्या. क्रीकची होडी बुटकी आणि फुगीर असते, साडेआठ-नऊ फुटांची, जाड प्लॅस्टिकची, दोन्ही टोकांना वर उचललेली, म्हणजे उंचावरून डोहात पडली तरी नाक खुपसून बसत नाही. रिकामी वीस-बावीस किलो भरते. बसायच्या भोकाची कड खांद्याच्या हाडावर येते आणि दहा मिनिटांत तिथली कातडी बोलायला लागते.

वाटेत निजमुल्याच्या बाजूला एका चहाच्या दुकानात थांबलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, अंगात लोकरीचा कोट, पायाशी काठी. होड्या बघून त्यांनी एकच विचारलं, "किती जण?" चार, म्हटलं. "मग खाली पुलावर चारच पोहोचा," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. मग चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. उठताना मात्र हातातल्या काठीने खालच्या दरीकडे दाखवून म्हणाले, "ही नदी एकदा जवळजवळ वर्षभर थांबली होती. माझ्या आजोबांच्या वडिलांनी बघितलंय."

गौण्याच्या तळ्याबद्दल मी आधी वाचलेलं होतं. पण त्या काठीच्या टोकाशी ते पहिल्यांदा दिसलं. १८९३ च्या सप्टेंबरात, पावसाळ्याच्या शेवटी, गौणा गावापाशी डोंगराची एक अख्खी बाजू सुटली आणि बिरहीच्या पात्रात येऊन पडली. नऊशे फुटांच्या आसपास उंचीचा बांध तयार झाला, माणसाचा हात न लागता. नदी त्याच्यामागे तुंबत गेली. सर्वेक्षक हरिकृष्ण पंत जागेवर जाऊन आले, मग कर्नल पुलफर्ड हे इंजिनिअर आले. त्यांनी बांध पाहिला, पाण्याची आवक हिशेबात घेतली आणि सांगितलं की या बांधाला काही करता येण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला पाणी याच्यावरून वाहू लागेल, एवढं मात्र सांगता येतं.

मग जे झालं ते मला आजही थक्क करतं. गौण्यापासून थेट हरिद्वारपर्यंत तारायंत्राची लाइन टाकली गेली. लेफ्टनंट क्रुकशँक नावाचा तरुण अधिकारी तळ्याकाठी मुक्काम ठोकून बसला आणि पातळी मोजत राहिला. खालच्या खोऱ्यात डोंगरउतारांवर दगडी खांब उभे केले, पाण्याचा धोका कुठवर आहे ते दाखवणारे, म्हणजे माणसांनी त्याच्या वर जायचं. झुलते पूल आधीच सोडवून ठेवले. २५ ऑगस्ट १८९४ ला पाणी बांधावरून वाहू लागलं आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला बांध फुटला. सकाळपर्यंत तळं जवळजवळ चारशे फूट उतरलं होतं. अलकनंदेकाठचं श्रीनगर, गढवालच्या राजांची जुनी राजधानी, धुऊन निघालं. घरं गेली, बाजार गेला. एवढ्या सगळ्यात माणसं दगावली ती पाच, एका फकिराच्या कुटुंबातली. त्यांना तिथून हलवलं होतं, ती परत गेली होती.

एकशे तीस वर्षांपूर्वी, मोटारीचा रस्ता नसलेल्या दरीत, पाच. मला हा आकडा मोठ्याने म्हणून बघावासा वाटतो.

पाण्यावर उतरलो तेव्हा उन्हं नुकती तळाला पोहोचत होती. होडीत बसायची माझी एक ठरलेली रीत आहे. आधी बूच. होडीच्या शेपटाशी पाणी काढून टाकायचं एक छोटं बूच असतं, ते आवळलंय ना हे बोटाने पुन्हा चाचपते. मग मांड्या आतल्या कमानीखाली सरकवायच्या, पावलं टेकवायची, आणि कमरेला बांधलेला रबरी स्कर्ट भोकाच्या कडेवर मागून पुढे ताणत बसवायचा. थंडीत ते रबर ताठ होतं, बोटांची पेरं दुखतात. शेवटी पुढचा नाडीचा फास स्कर्टच्या बाहेर आहे का ते बघायचं. तो आत राहिला तर पाण्याखाली होडीतून सुटता येत नाही. हे सगळं मी घाईत असताना जास्त सावकाश करते. स्कर्ट बसला की कंबरेखालचं अंग होडीचं होतं. धोंड्याचा स्पर्श मग बुडाला कळतो, डोळ्यांना कळायच्या आधी.

अशा ओढ्यात पुढे जाणं म्हणजे एका एडीतून दुसऱ्या एडीत जाणं. धोंड्याला आपटून पाणी दोन्ही बाजूंनी पुढे धावतं आणि धोंड्याच्या पाठीशी जी जागा रिकामी राहते ती भरायला मागे वळतं. तो मागे वळलेला संथ तुकडा म्हणजे एडी. कधी बैलगाडीएवढी, कधी जेमतेम होडीचं नाक मावेल एवढी. तिथे घुसायचं, थांबायचं, पुढचं दिसतंय तेवढं वाचायचं, मग दाईंची खूण. वल्हं उभं धरलं तर ये, आडवं धरलं तर थांब. पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, दिवसभर आम्ही खुणांवरच बोलत होतो. डोक्यावर थोपटलं की 'ठीक आहेस ना?', आणि तसंच थोपटून उत्तर. मला ही भाषा फार आवडते. तिच्यात खोटं बोलायला जागाच नाही.

पहिला दिवस सुरेख गेला. पाणी इतकं स्वच्छ की तीन हात खालचे गोटे मोजावेत. एका छोट्या पायरीवर माझा बूफ मनासारखा बसला. म्हणजे कड्याच्या ओठावर शेवटचं वल्हं जोरात ओढून होडीचं नाक वर ठेवायचं, म्हणजे ती खाली बुडावर सपाट पडते आणि 'बूफ्' असा आवाज होतो. त्या आवाजावरूनच त्या युक्तीला नाव पडलंय. नाक खाली गेलं तर मात्र धबधब्याच्या पायथ्याशी जे पाणी मागे वळत असतं, त्यात होडी ओढली जाते. तिथला फेस निम्मा हवाच असतो. त्यात लाइफ जॅकेटही नीट तरंगवत नाही, वल्ह्याला धरायला काही सापडत नाही. रात्री एका वाळूच्या पट्ट्यावर झोपलो. वाळू बारीक, राखाडी, अभ्रकाने चमकणारी. दाई म्हणाले, हा तळ्याचा तळ असणार. १८९४ नंतरही गौण्याचं तळं लहान होऊन उरलं होतं, तेही १९७० च्या जुलैतल्या महापुरात गाळाने भरून गेलं. त्या पुरानंतर चमोलीतल्या लोकांनी डोंगरावरच्या तुटलेल्या झाडांचा आणि खाली आलेल्या पाण्याचा हिशेब एकत्र मांडायला सुरुवात केली, आणि तीन वर्षांनी याच जिल्ह्यात चिपको उभं राहिलं. मी त्या वाळूवर पाठ टेकून पडले होते. वर चांदण्यांची अरुंद पट्टी, दरी जेवढी रुंद तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अडकले. जागा अवघड नव्हती, म्हणूनच सांगते. डावीकडच्या एडीत वळायला मी क्षणभर उशीर केला आणि होडी आडवी जाऊन एका धोंड्याला टेकली. प्रवाह माझ्या पाठीमागून होडीच्या कडेवर चढायला लागला. अशा वेळी धोंड्याकडे झुकायचं असतं, त्याला मिठी मारल्यासारखं. शरीराला मात्र धोंड्यापासून लांब जावंसं वाटतं, आणि लांब झुकलं की वरची कड पाण्याला मिळते आणि होडी गुंडाळली जाते. मी झुकले, पण अर्ध्या क्षणाने उशिरा. पाणी मांडीवरून छातीवर आलं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, हे शाळेत शिकवतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हेही पुस्तकात असतं. छातीवर ते बसलं तेव्हा आकडे आठवले नाहीत. आठवला तो मावशीचा दगड, त्याच्या भोवती उठणारी पांढरी किनार. मीच तो दगड झाले होते. दाईंनी काठावरून दोराची पिशवी फेकली, ती माझ्या हातावरून पुढे गेली, दुसऱ्यांदा फेकली. मी दोर छातीशी घट्ट धरला, त्यांनी वरच्या अंगाने ओढ दिली, होडी कुरकुरली आणि सुटली. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल. काठावर बसले तेव्हा हात नव्हे, जबडा थरथरत होता. मैत्रिणीने गुळाचा खडा हातावर ठेवला. कोणी काही बोललं नाही, त्याबद्दल मी त्या तिघांची ऋणी आहे.

आणि मग दुपारी ती रेघ आली.

नदी पुढे जाताना अचानक दिसेनाशी होते. समोर पाण्याची एक गुळगुळीत आडवी रेघ, तिच्या पलीकडे थेट खालच्या झाडांचे शेंडे. मधलं काहीच नाही. आवाज असतो, पण तो खालून येतो. अशी रेघ दिसली की एडी पकडायची, होडीतून बाहेर पडायचं आणि चालत जाऊन बघायचं. यात सूट नाही. आम्ही धोंड्यांवरून चढत गेलो. वरून दिसलं ते असं. पाणी साडेतीन-चार मीटर उभं पडत होतं. खाली पांढरा फेस मागे वळत होता. त्याच्या पुढे दहा-बारा पावलांवर उजवीकडे घराएवढा धोंडा. डावीकडे तीन धोंडे एकमेकांना टेकलेले, त्यांच्या फटींतून पाणी आत जात होतं, पण पलीकडे बाहेर पडताना दिसत नव्हतं. याला कयाकवाले सिव्ह म्हणतात, चाळणी. पाणी गाळून जातं, माणूस मागे राहतं.

मला वाट दिसत होती. हे लिहिताना मला काही लपवायचं नाही. उजव्या ओठावरून, शेवटचं वल्हं डाव्या हाताने, सपाट पडायचं, लगेच उजवीकडे वळून मोठ्या धोंड्याच्या आडोशाला जायचं. अशा पायऱ्या मी आधी उतरले होते. सकाळच्या त्या एका मिनिटानंतर मला ती हवीही होती. काहीतरी परत मिळवायचं होतं, काय ते मला सांगता आलं नसतं. शेजारी उभा तरुण म्हणाला, "गेल्या साली काही जण इथून गेलेत. मी व्हिडिओ बघितलाय." दाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा तो तिसरा धोंडा इथे होता का?"

तो गप्प झाला. दर पावसाळ्यात हा ओढा आपले धोंडे हलवतो. दाईंनी काठावरून एक वाळका ओंडका उचलला, हाताएवढा लांब, आणि धबधब्याच्या वर पाण्यात सोडला. तो ओठावरून गेला, फेसात दोनदा फिरला, बाहेर पडला आणि डावीकडे ओढला जाऊन चाळणीत शिरला. आम्ही चौघंही वाट बघत राहिलो. मी मनात साठ मोजले, मग परत साठ. ओंडका बाहेर आला नाही.

"बहिनी," दाई म्हणाले, "नीट झालं तर कुठे जाशील ते तू बघितलंस. चुकलीस तर कुठे?"

त्यांनी नको म्हटलं नाही. या खेळात कोणी कोणाला नको म्हणत नाही आणि चल म्हणत नाही. प्रत्येकाने आपलं ठरवायचं आणि बाकीच्यांनी दोर घेऊन उभं राहायचं. मी खाली बसले, त्या चाळणीकडे पाठ करून. पाठ केली तरी ती ऐकू येत होती. मग उठले आणि होडी खांद्यावर घेतली. मैत्रिणीने घेतली. दाईंनी तर केव्हाच घेतली होती. तरुण अजून थोडा वेळ उभा राहिला, मग तोही आला.

होडी खांद्यावर घेऊन बाजूने जाण्याला पोर्टेज म्हणतात. नकाशावर ते अंतर शंभर मीटरही नसेल, आम्हाला दीड तास लागला. काठ म्हणजे सगळा दरडीचा मलबा. सैल माती, त्यात रुतलेले धोंडे, मधूनच उगवलेली कोवळी झाडं. चार पावलं चढायची, दोन घसरायची. होडीत थोडं पाणी राहिलेलं, ते प्रत्येक पावलाला पुढे-मागे डचमळत होतं आणि तोल नेत होतं. त्या दीड तासात माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. १८९४ मध्ये या सगळ्या खोऱ्याने हेच केलं होतं. अख्ख्या दरीने आपला संसार खांद्यावर घेतला, गुरं, भांडी, बियाणं, पोरं, आणि खांबाच्या वर जाऊन उभी राहिली. नदीला अडवलं नाही, तिच्याशी झुंजही घेतली नाही. तिला वाट करून दिली. आणि हे करण्यासाठी आधी कोणीतरी जवळजवळ वर्षभर नुसतं बघत बसलं. रोज पातळी मोजत. मला आजवर वाटायचं की नदीवरचं धाडस वल्ह्यात असतं. त्या चढावर होडीखाली मान वाकवून चालताना वाटलं, ते बघण्यात जास्त आहे. जे समोर आहे ते तसंच बघायचं, मनात असलेलं त्याच्यावर चढवायचं नाही. क्रुकशँकने तळ्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलं असेल त्या डोळ्यांनी.

आणि तो फकीर? त्याला मी हट्टी म्हणणार नाही. सगळं सांगून झालं होतं, तारीख माहीत होती, तरी तो परत गेला, बायकापोरांना घेऊन. जिथे चूल होती तिथे. त्या रेघेपाशी अर्धा तास उभी होते तेव्हा मलाही कुठेतरी परतच जायचं होतं, सकाळी जी हरवली होती त्या स्वतःकडे. त्याच्या पायांना जी ओढ लागली असेल ती मला ओळखीची वाटते. म्हणूनच ते पाच जण मला विसरता येत नाहीत.

मी रायगड जिल्ह्याची आहे. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे महाडजवळ तळीये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी, रात्री, माणसं घरात असताना. त्याआधी २०२१ च्याच फेब्रुवारीत, बिरहीपासून फार लांब नसलेल्या ऋषिगंगेच्या दरीत, सकाळच्या उन्हात बर्फ आणि खडकाचा लोंढा आला आणि कामावर गेलेली दोनशेहून अधिक माणसं त्यात मेली किंवा हरवली. एका डोंगराचं दुसऱ्या डोंगरासारखं नसतं. तळं वर्षभर भरताना दिसतं, दरड काही क्षणांत येते, हे मला समजतं. तरीही तळीयेच्या बातम्या बघताना मी रोह्याच्या घरात बसून त्या दगडी खांबांचा विचार करत होते. पावसाच्या त्या दिवशी तिथल्या कोणाला तरी असा एक खांब दिसायला हवा होता, त्याच्या वर जाऊन बसायला.

पोर्टेजच्या खालच्या टोकाला एक घसियारी भेटली, कंबरेला विळा, पाठीवर तिच्या दुप्पट उंचीचा गवताचा भारा. वाट एकाच माणसापुरती. आम्ही दोघी थांबलो, दोघींच्या खांद्यांवर ओझं. तिने माझ्या होडीकडे बघितलं, मी तिच्या गवताकडे. "भुली, तू जा आधी," ती म्हणाली, "तुझं ओझं घसरतं." भुली म्हणजे धाकटी बहीण. आणि ती भाऱ्यासकट डोंगराच्या अंगाला टेकून उभी राहिली, मी जाईपर्यंत. वळून बघितलं तेव्हा ती चढाला लागली होती आणि गवताचा भारा तेवढा हलताना दिसत होता.

संगमाला पोहोचलो तेव्हा ऊन वरच्या कड्यांवर गेलं होतं. बिरहीचं हिरवं पाणी अलकनंदेच्या करड्या पाण्यात शिरलं आणि थोडं अंतर वेगळं राहून मग मिसळलं. पुलावरून एक बस गेली, खिडकीतून एका मुलाने हात हलवला. आम्ही चौघं होतो. मी होडी आडवी केली आणि बूच काढलं. पाणी बारीक धारेने निघालं, आणि त्याच्या शेवटी वाळू.

घरी परतल्यावर आईने माझे रबरी बूट मोरीत उलटे करून आपटले. ती हे नेहमीच करते, मी कितीही धुऊन आणले तरी. फरशीवर मूठभर राखाडी वाळू पडली, दिव्याखाली चमकली. आई खाली वाकली, चिमूटभर उचलून अंगठ्याने तळहातावर चोळली.

"ही आपल्याकडची नाही गं," ती म्हणाली. "कुठली?"

"एका तळ्यातली," मी म्हटलं. "आता तळं नाही तिथे."

आईने पाण्याचा तांब्या हातात घेतला होता. तो तिने खाली ठेवला, वाळू कागदावर गोळा केली आणि तुळशीच्या कुंडीत नेऊन टाकली.